बार किती भरावा? भरमार बंदुकीपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत एका प्रश्नाचा प्रवास

१/ गडचिरोलीच्या जंगलातील चकमकींनंतर जप्त झालेल्या शस्त्रांच्या याद्या गेली अनेक वर्षे वृत्तपत्रांत येत राहिल्या. एके-४७, एसएलआर, इन्सास, .३०३ आणि बारा बोअर यांच्या रांगेत एक नाव वारंवार दिसते : भरमार. यादी एकच असली, तरी तिच्यात तीन शतकांचे अंतर आहे. इन्सासच्या काडतुसात किती दारू असावी हे पुण्यातील गणितज्ञांनी आणि चाचणी मैदानांनी ठरवले. भरमारीत किती दारू असावी हे मात्र बंदूक धरणाऱ्याचा हात ठरवतो.

२/ प्रश्न दोन्हीकडे तोच आहे : बार किती भरावा? कमी भरला तर गोळी पोचत नाही, जास्त भरला तर नळी फाटते. आज जगातील हौशी नेमबाज या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या पडद्यावर शोधतात. त्यासाठी खास सॉफ्टवेअर मिळते. या सॉफ्टवेअरच्या पोटात दडलेल्या इतिहासाचा, आणि त्या इतिहासात धानोऱ्याच्या जंगलातील शेतकरी कुठे उभा आहे याचा हा धागा.

३/ धानोरा हा गडचिरोली जिल्ह्यातील, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेला तालुका. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता, आणि त्याआधी चंद्रपूरचे सरकारी नाव चांदा होते. साग, बांबू, मोहाचे जंगल, मधूनमधून धानाची बांधी आणि गोंड वस्तीची गावे. सामूहिक वनहक्कांमुळे देशभर ओळखले गेलेले मेंढा-लेखा याच तालुक्यात आहे.

४/ भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. भरा आणि मारा, अशी तिची सारी कृती नावातच सामावली आहे. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा, आणि हे सगळे गजाने ठासायचे. मागच्या बाजूला टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो आणि ठिणगी आत जाते. प्रत्येक बार नव्याने हाताने भरायचा. दारू किती आणि ठासणी किती घट्ट, हे सरावाने ठरते.

५/ हा सराव मराठी भाषेतही मुरला आहे. मुद्दा ‘ठासून’ मांडला जातो, गाजावाजा होऊन काही घडले नाही तर ‘फुसका बार’ म्हटले जाते, आणि लग्न ठरून पार पडले की ‘बार उडाला’ असे म्हणतात. कमी भरलेला आणि बरोबर भरलेला बार यांतला फरक सामान्य माणसाला इतका परिचित होता की त्याच्या म्हणी झाल्या. हे ज्ञान हाताचे होते. ते आकड्यांत मांडता येईल, असे बराच काळ कुणाला वाटले नव्हते.

६/ ते अवघड का होते? बंदुकीत जे घडते ते सेकंदाच्या एक-दोन हजाराव्या भागात संपते. दारू जळते, तिचा वायू होतो, बंद जागेत दाब चढतो, गोळी पुढे सरकते. गोळी सरकली की वायूला जागा मिळते आणि दाब उतरू लागतो. दारू जळण्याचा वेग आणि गोळी सरकण्याचा वेग यांची ही शर्यत आहे. आजच्या रायफलीत दाबाचे शिखर साध्या हवेच्या दाबाच्या साडेतीन-चार हजार पट असते. डोळ्यांना यातले काही दिसत नाही.

७/ या अदृश्य घटनेला पहिल्यांदा पक्के माप लावले इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स यांनी. १७४२ मध्ये तोफशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांची युक्ती साधी होती : टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडायची आणि लंबक किती झुलला ते मोजायचे. झोक्यावरून गोळीचा वेग काढता येतो. त्यांनी दारूच्या वायूचा दाब हवेच्या सुमारे एक हजार पट धरला आणि वेगवान गोळीला हवेचा विरोध तिच्या वजनाच्या १२० पट होऊ शकतो, हे दाखवले. तोपर्यंत अनेक जाणकार हा विरोध नगण्य मानत.

८/ रॉबिन्स यांचा शेवट भारतात झाला. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना किल्ल्यांच्या मजबुतीसाठी नेमले. १७५० मध्ये ते मद्रास किनाऱ्यावर आले आणि १७५१ च्या जुलैमध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तापाने वारले. दरम्यान १७४५ मध्ये थोर गणिती ऑयलर यांनी त्यांच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर विस्तृत टीपांसह केले होते. बंदूक हा विषय कारागिराच्या ओसरीवरून गणितज्ञाच्या मेजावर आला तो असा.

९/ इथून क्षेपणशास्त्राच्या, म्हणजे बॅलिस्टिक्सच्या, दोन शाखा झाल्या. नळीच्या आत काय होते ते ‘अंतर्गत’. गोळी नळीबाहेर पडल्यावर हवेत कशी जाते, किती खाली झुकते, वाऱ्याने किती सरकते, ते ‘बाह्य’. बार किती भरावा हा प्रश्न पहिल्या शाखेचा, आणि तोच अधिक धोक्याचा. बाहेरचा हिशेब चुकला तर नेम चुकतो. आतला हिशेब चुकला तर बंदूक फुटते, आणि ती धरणाऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते.

१०/ माप सैनिकाच्या हातातून काढून घेण्याचा पहिला मोठा प्रयत्न कागदी काडतुसाने केला. नेमकी मोजलेली दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत बांधलेली असे. सैनिकाने पुडी दाताने फाडायची, दारू ओतायची, गोळी ठासायची. अंदाज संपला, प्रत्येक बार सारखा झाला. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीचे हेच काडतूस, आणि त्याला लावलेल्या चरबीवरून भडकलेला असंतोष १८५७ मध्ये कुठवर गेला, हे सर्वांना ठाऊक आहे.

११/ त्या वणव्याची झळ चांदा जिल्ह्यालाही लागली. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये गोंड तरुणांची फौज उभी केली. अडपल्लीचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. उपायुक्त क्रिक्टन यांनी अखेर बाबूरावांना पकडले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली.

१२/ उठाव मोडल्यावर सरकारने शस्त्रांवर हात घातला. १८६० चा कायदा झाला आणि मग लॉर्ड लिटन यांच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा. यापुढे हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक आणि दारूगोळा बाळगता येईना. युरोपीय मात्र यातून मोकळे होते. हा भेदभाव सुशिक्षितांनाही इतका झोंबला की काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला. जंगलातील माणसाची बंदूक तेव्हापासून कागदावर तरी ‘सवलत’ झाली.

१३/ याच काळात माप कारखान्यात गेले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. कागदी पुडीची जागा पितळी काडतुसाने घेतली : टोपी, दारू आणि गोळी एकाच डबीत. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची खूण आणि वर्ष उमटवले जाई. खडकीची ‘के एफ’ ही इंग्रजी अक्षरे .३०३ काडतुसांवर पिढ्यान्‌पिढ्या दिसत राहिली. ती खूण ही एक हमी होती : आत किती दारू आहे याचा विचार बंदूक चालवणाऱ्याने करायचा नाही, तो इथे झाला आहे.

१४/ पण कारखान्याने तरी ते ठरवायचे कसे? इंग्लंडमध्ये अँड्र्यू नोबल यांनी १८६० च्या सुमारास एक उपाय काढला. नळीच्या भिंतीला छिद्र पाडून त्यात तांब्याचा छोटा दंडगोल ठेवायचा. बार उडाला की दाबाने तो चेपतो. किती चेपला यावरून शिखर-दाब कळतो. नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी या मार्गाने दारूच्या ज्वलनाचा पद्धतशीर अभ्यास केला. आता दाब हा तर्काचा विषय न राहता मोजण्याचा विषय झाला.

१५/ हे माप अगदी वेळेवर हाती आले, कारण लवकरच दारूच बदलली. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू तयार केली. ब्रिटिशांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट आणले. .३०३ काडतूस १८८८ मध्ये काळ्या दारूसह स्वीकारले गेले होते. काही वर्षांतच त्यात कॉर्डाइट आले. भारतात त्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीत अरुवनकाडू येथे कारखाना उभा राहिला.

१६/ दोन दारूंतला फरक या साऱ्या कथेचा कणा आहे. काळ्या दारूच्या जळण्याचा वेग दाबामुळे फारसा बदलत नाही, म्हणून ती चुकांना थोडीफार क्षमा करते. बिनधुराच्या दारूचे तसे नाही. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. गोळी काडतुसात थोडी अधिक खोल बसली, आतली जागा जराशी कमी झाली, तरी शिखर उंच जाते. आधुनिक दारू जुन्या भरमारीत भरणे जीवघेणे ठरते, ते याच कारणाने.

१७/ रिकामे पितळी काडतूस पुन्हा भरता येते का, याचे उत्तर बुडातल्या टोपीच्या रचनेत आहे. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत मधोमध एक छिद्र असते, त्यातून सळई घालून जुनी टोपी सहज ढकलता येते. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या रचनेत बाजूला दोन बारीक छिद्रे असतात आणि टोपी काढणे त्रासाचे. गंमत अशी की अमेरिकेने ब्रिटिश रचना उचलली आणि ब्रिटिश लष्करी .३०३ मध्ये अमेरिकन रचना आली.

१८/ परिणामी हाताने काडतुसे भरण्याची मोठी हौशी परंपरा अमेरिकेत वाढली. कायदाही तिथे आड येत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून साच्यांची, तराजूंची आणि मापपुस्तिकांची बाजारपेठ उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेली लष्करी दारू स्वस्तात मिळू लागली, तशी ती फोफावली. मापपुस्तिकेचा नियम एकच : प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेले प्रमाण ओलांडायचे नाही, आणि सुरुवात नेहमी कमीपासून करायची.

१९/ दुसरीकडे बाह्य क्षेपणशास्त्राने संगणकालाच जन्म दिला. प्रत्येक तोफेसाठी, प्रत्येक गोळ्यासाठी, प्रत्येक कोनासाठी मार्ग काढून तक्ते छापावे लागत. साठ सेकंद हवेत राहणाऱ्या एका गोळ्याचा मार्ग हाताच्या यंत्रावर काढायला सुमारे वीस तास लागत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हे काम शेकडो स्त्रिया करत. त्यांच्या पदाचे नावच ‘कॉम्प्युटर’ होते. आज यंत्राला जे नाव आहे ते आधी माणसांचे होते.

२०/ हे काम उरकेना म्हणून एनिॲक बांधला गेला. फेब्रुवारी १९४६ मध्ये तो जगासमोर आला. तोच मार्ग तो सुमारे तीस सेकंदांत काढी. गोळा जमिनीवर पडण्याच्या आत उत्तर तयार. त्याचे कार्यक्रम रचणाऱ्या पहिल्या सहा जणी त्या ‘कॉम्प्युटर’ स्त्रियांमधूनच निवडल्या गेल्या होत्या. आज नेमबाजाच्या भ्रमणध्वनीत असलेला बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर हा त्या खोलीभर यंत्राचा थेट वंशज आहे.

२१/ स्वतंत्र भारतापुढे प्रश्न उभा राहिला तो असा : खडकीत काडतुसे बनत होती, पण त्यांचे गणित इंग्लंडहून येत होते. १९४८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंग कोठारी संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार झाले आणि त्यांनी संरक्षण विज्ञान संघटना उभी केली. १९४९ पासून निघणाऱ्या ‘डिफेन्स सायन्स जर्नल’मध्ये भारतीय गणितज्ञांचे अंतर्गत क्षेपणशास्त्रावरचे लेख दिसू लागले. बंद नळीतल्या आगीची समीकरणे आता इथेही सोडवली जाऊ लागली.

२२/ या कामाचे केंद्र पुणे झाले. १९५२ मध्ये शस्त्रास्त्र अभ्यासाची संस्था इथे सुरू झाली. तीच पुढे गिरीनगरची संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्था, म्हणजे डीआयएटी. १९५८ मध्ये एआरडीई ही शस्त्रास्त्र संशोधन संस्था स्थापन झाली. ती पुढे पाषाणला गेली. शेजारीच सुतारवाडीत स्फोटक द्रव्यांची प्रयोगशाळा. एआरडीईने घडवलेली इन्सास रायफल १९९० च्या दशकाच्या अखेरीस सैन्यात आली, आणि पुढे गडचिरोलीच्या पोलिसांच्या खांद्यावरही.

२३/ गणित पुण्यात आणि भरणे विदर्भ-खानदेशात, अशी वाटणी झाली. १९६० च्या दशकात जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे रायफलीच्या काडतुसांचा आणि चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे तोफगोळे व बाँब भरण्याचा कारखाना उभा राहिला. भद्रावतीहून धानोरा रस्त्याने दीडेकशे किलोमीटर. एका टोकाला हवेचे तापमान आणि आर्द्रता सांभाळून, दारूच्या प्रत्येक घाण्याचे नमुने तपासून भरणारे हात. दुसऱ्या टोकाला गजाने ठासणारे हात.

२४/ आता हौशी माणसाच्या सॉफ्टवेअरकडे. १९६० च्या दशकात अमेरिकन रसायनज्ञ होमर पाउली यांनी काडतुसे भरणाऱ्यांसाठी पुठ्ठ्याची सरकपट्टी काढली; तिलाही ‘कॉम्प्युटर’ म्हणत. काडतुसाची धारण क्षमता आणि गोळीचे वजन जुळवले की दारूची जात व वेग यांचा अंदाज मिळे. वैयक्तिक संगणक आल्यावर जर्मनीच्या हार्टमुट ब्रोमेल यांनी ‘क्विकलोड’ रचले. जी समीकरणे एकेकाळी सरकारी प्रयोगशाळांत बंद होती, ती एका खिडकीत आली.

२५/ हे सॉफ्टवेअर काय विचारते? काडतुसात किती पाणी मावते, गोळीचे वजन आणि लांबी, ती किती खोल बसली, नळीची लांबी, दारूची जात व वजन. मग ते क्षणाक्षणाचा दाब आणि गोळीचा वेग काढून आलेख दाखवते : दाबाचे शिखर किती उंच, नळीच्या तोंडाशी वेग किती, तोपर्यंत किती टक्के दारू जळाली. रॉबिन्स यांचा लंबक, नोबल यांचे तांबे, व्हिएय यांचा ज्वलननियम. सारे त्या एका आलेखात बसलेले असतात.

२६/ पण आलेख नेटका असतो, म्हणून तो खरा असतोच असे नाही. सॉफ्टवेअरला दारूचा सरासरी स्वभाव ठाऊक असतो. हातातल्या डब्यातल्या घाण्याचा नव्हे. उष्ण दारू अधिक जोमाने जळते. युरोपातल्या थंड खोलीत जुळलेला आकडा चंद्रपूरच्या ४५ अंशांपलीकडच्या मे महिन्यात तसाच राहत नाही. नळीची झीज, पितळेची जाडी, टोपीची ताकद यांचाही परिणाम होतो. म्हणून अशा सॉफ्टवेअरचे कर्तेच बजावतात की हा अंदाज आहे. तो प्रसिद्ध मापपुस्तिकेशी आणि मोजलेल्या वेगाशी ताडून पाहावा.

२७/ भारतात मात्र गोष्ट इथवर येतच नाही. १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झालेल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षे, आणि जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. पडद्यावर हिशेब करणे वेगळे, काडतूस भरणे वेगळे. बार किती भरावा याचे उत्तर इथे व्यक्तीने द्यायचे नसते. ते कारखान्याने द्यायचे असते.

२८/ नेमबाजांनी यातून आपली वाट काढली आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातले .२२ काडतूस रिमफायर असते. ते घरी पुन्हा भरता येण्याजोगे नसतेच. म्हणून जगभरचे अव्वल नेमबाज काडतुसांचे वेगवेगळे ‘लॉट’ आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि ज्याचे छिद्रसमूह सर्वांत घट्ट पडतात तोच लॉट घेतात. भरण्याऐवजी निवडणे, आणि निवडीमागेही मोजणे.

२९/ मग आजही कायद्याने स्वतःच्या हाताने बार भरणारा सामान्य माणूस कोण? उत्तर त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. पीकरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, अशी तरतूद तिथे स्पष्ट आहे. परवानाधारक शेतकऱ्याने अशा बंदुकीत दारू ओतणे हा बंदूक वापरण्याचाच भाग. म्हणजे काडतूस भरायला क्रीडापटूला मनाई, आणि धानाच्या बांधीवर जागलीला बसलेला शेतकरी मात्र दर बाराला दारू मोजतो.

३०/ त्याच्यासाठी मापपुस्तिका नाही, दाबाचा आलेख नाही. गावठी भरमारीची नळी कोणत्या पोलादाची, किती जाड, आतून किती गंजलेली, हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या यादीत सापडत नाही. जी बंदूक कारखान्यात कधी चाचणीला उभी राहिली नाही, तिचा सहनदाब कुणीच मोजलेला नसतो. इन्सासच्या मागे अख्खी संस्था उभी असते. भरमारीच्या मागे आदल्या पिढीने दाखवलेले माप असते, आणि ते एखाद्या दिवशी चुकते.

३१/ त्यावर कायद्यांचे थरही चढत गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकांना नोंदणी आवश्यक ठरली. पुढे नक्षल चळवळीचा काळ आला. १ फेब्रुवारी २००९ रोजी धानोरा तालुक्यातील मरकेगावजवळ १५ पोलीस मारले गेले. अशा भूमीत घरातली प्रत्येक बंदूक संशयाची ठरली. विनापरवाना भरमार जमा करण्याचे आवाहन पोलीस करतात, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

३२/ रानडुकरे मात्र कायद्याची पुस्तके वाचत नाहीत. पिकाचे नुकसान, परवान्याची किचकट वाट आणि बंदुकीवरचा संशय यांच्यामध्ये शेतकरी अडकतो. बंदुका कमी व्हाव्यात हे जितके खरे, तितकेच हेही खरे की ज्याच्या हाती कायद्यानेच ठासणीची बंदूक दिली, त्याला नळीची तपासणी आणि मापाची शिकवण देणे हेही कायद्याचेच काम ठरते. परवान्यावर दारूगोळ्याचे प्रमाण लिहिलेले असते. एका बारात किती भरावे हे नाही.

३३/ गेल्या पावणेतीनशे वर्षांत हे ज्ञान हातातून पुडीत, पुडीतून कारखान्यात, कारखान्यातून समीकरणात आणि समीकरणातून पडद्यावर गेले. प्रत्येक टप्प्यावर एक नियम टिकून राहिला : अंदाज बांधा, मग मोजा, आणि मोजलेले ओलांडू नका. ज्यांनी तो पाळला त्यांची बोटे शाबूत राहिली. सॉफ्टवेअरची किंमत याच नियमात आहे. त्याच्याविना ते नुसते आकडे छापणारे यंत्र उरते.

३४/ आणि या प्रवासात मागे राहिला तो ज्याच्यापासून सुरुवात झाली होती तोच : हाताने बार भरणारा. ज्ञानाची सर्वाधिक गरज ज्याला, त्याच्यापर्यंत ते सर्वांत कमी पोचले. जप्तीच्या यादीत इन्सास आणि भरमार शेजारी लिहिल्या जातात तेव्हा वाचणाऱ्याला दोन शस्त्रे दिसतात. त्या दोन ओळींमधल्या जागेत रॉबिन्सचा लंबक, खडकीची खूण आणि पुण्याची समीकरणे आहेत. धानोऱ्याच्या बांधीपर्यंत यातले काहीच अजून आलेले नाही.